ट्यूबलाइटवर जगणारा बिल्ला

काय काम करतेस, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, सोलर सेल बनवते. पुढचं वाक्य मला पाठ आहे. "अरे वा! मग ग्वाल्हेरसारखी जागा नाही, इथं ऊन किती!" आणि तिथंच माझं डोकं फिरतं. ऊन नकोय हो मला. उन्हावर चालणारे सेल लोकांच्या गच्च्यांवर बसलेत, त्यांचं माझ्यावाचून काही अडत नाही. मी करते ते सेल घरातल्या उजेडावर चालतात. ट्यूबलाइटच्या, जिन्यातल्या बल्बच्या, दोन खोल्या ओलांडून येता येता दमलेल्या उजेडावर.

एका लग्नात एक काका म्हणाले, "म्हणजे दिवा लावायचा, त्यावर वीज करायची आणि त्या विजेवर परत दिवा लावायचा? वा रे शास्त्र!" पंगत हसली. मीपण हसले, श्रीखंड संपवलं आणि घरी येऊन आईपुढे त्या काकांचा उद्धार केला. आई तेव्हा चांगली होती. ती म्हणाली, "जाऊ दे गं. त्यांच्या डोक्यात उजेड पडला असता तर त्यावर तुझा सेल चालला असता का, एवढं सांग." अशी होती माझी आई.

पुढचं समजायला थोडं शास्त्र लागेल, कंटाळू नका. गच्चीवरचा सिलिकॉनचा सेल म्हणजे बारीक भोक पडलेली घागर. वरून नळ धो धो चालू असला तर भोकाचं काही वाटत नाही, घागर भरते. पण नळ ठिबकायला लागला की येईल तेवढं भोकातूनच जातं. घरातला उजेड म्हणजे हे ठिबकणं. आम्ही काचेवर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा पातळ थर बसवतो. तो नीट जमला तर त्या घागरीला भोक जवळजवळ नसतंच. शिवाय त्यातलं आयोडीन आणि ब्रोमीन कमीजास्त केलं की कुठल्या रंगाचा उजेड खायचा ते ठरवता येतं. मी माझा थर ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडाशी जुळवला होता. त्याला ओल सोसत नाही. दमट हवा लागली की तो पिवळा पडतो आणि कामातून जातो. म्हणून सगळं बंद पेटीत, जाड रबरी हातमोज्यांत हात घालून करायचं. त्या हातमोज्यांत माझी उमेदीची वर्षं गेली. लग्न राहिलं. त्याचं दुःख मला फारसं नाही, नातेवाइकांना आहे.

आमचं घर शिंदे की छावनीत, जिना चढून वरच्या मजल्यावर. दोन घरांच्या मधे दाबून बसवल्यासारखं, पुढून मागे लांबच लांब. मधल्या खोलीला खिडकी नाही. भरदुपारीही तिथं ट्यूब लागते. पण भिंती दगडी आणि हातभर जाड, त्यामुळे मे महिन्यात तीच एक खोली राहण्यासारखी. आईचा पलंग तिथंच.

आईचं विसरणं सुरू झालं ते आधी भाजीत मीठ, मग माणसांची नावं, मग दिवस. तोवर मी म्हणायची, वय झालं, घरोघरी हेच. मग एके दिवशी ती घरातून चालत निघाली ती थेट किला गेटला पोचली. तिचं माहेर तिथं होतं. होतं म्हणजे तिच्या लहानपणी. आता त्या जागी मोबाइलची दुकानं आहेत. त्या दुकानांपुढे उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, आमचं दार कुठं गेलं. एका रिक्षावाल्यानं तिला ओळखलं आणि घरी आणून सोडलं.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. फोनवर म्हणाला, "ताई, तू कामाला जाताना बाहेरून कुलूप लावत जा. बस."

"आई काय दावणीची म्हैस आहे?"

"सगळे लावतात ताई. तू इमोशनल होऊ नकोस."

तळपायाची आग मस्तकात गेली. कुलूप कसं लावू? आमच्या घरात आईनं निम्मं आयुष्य विचारून उंबरा ओलांडला होता. आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आले. फौज गेली, तलवारी भिंतीवर गेल्या, पण घरातल्या बायकांवरचा पहारा काही उठला नाही. मंगळागौरीला जायचं तर विचारायचं, बहीण बाळंत झाली तर विचारायचं. आजी, म्हणजे तिची सासू, हो म्हणाली तर जायचं, तेही कुणाच्या तरी सोबतीनं. आजी गेली तेव्हा आईचे केस पिकायला लागले होते. त्यानंतर ती बाहेर पडली ती काय! एकटी सवारी टेंपोत बसून गावाच्या दुसऱ्या टोकाला मुरारला मैत्रिणीकडे जायची. कारण नसताना बाजारात चक्कर मारायची. येताना एखादी काकडी घेऊन यायची, म्हणजे कारण होतं असं दाखवायला. "आता मला कोण विचारणार?" हे तिचं आवडतं वाक्य होतं, आणि ते ती इतक्या मजेत म्हणायची. त्या बाईला मी कोंडू? मी भावाला सांगून टाकलं, या घराला बाहेरून कुलूप लागणार नाही. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.

असं म्हणणं सोपं असतं. दुपारची सोय काय? स्वयंपाकाची बाई सकाळीच येऊन जायची. समोरच्या घरात भाभी होत्या, चांगल्या बाई, हाकेसरशी येणाऱ्या. पण त्या दिवसभर आमच्या दाराकडे डोळे लावून थोड्याच बसणार? आईला मनगटी घड्याळासारखं एक यंत्र आणलं, ती कुठं आहे ते फोनवर दाखवणारं. ते रोज काढून चार्ज करावं लागे. एकदा काढलं की ती परत घालू देईना. "माझं नाही ते," म्हणायची. मग बटनसेलवालं लहानसं आणलं. ते सारखं संकेत सोडत राहायचं, म्हणून त्याचा सेल लवकर संपायचा, आणि संपला तरी मेलं तोंडानं सांगेल तर शपथ. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, काखेत कळसा नि गावाला वळसा. अगं, तू करतेस काय दिवसभर?

मी बिल्ला बनवला. पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा. वर माझा सेल, खाली वीज साठवून ठेवणारा इवलासा भाग आणि त्याखाली संकेत सोडणारी चिप. दाराच्या चौकटीवर तो संकेत पकडणारी एक पेटी. आमच्या भिंती अशा की मधल्या खोलीतला संकेत त्या पेटीपर्यंत पोचतच नसे. पोचला की समजायचं, आई दाराशी आली. मग भाभींच्या घरात घंटा आणि माझ्या फोनवर निरोप. पेरोव्हस्काइटमध्ये शिसं असतं, त्यामुळे ते आईच्या अंगावर लावायचं म्हणून मी दोन काचांमध्ये बंद केलं, कडांना डिंक, त्यावर परत डिंक. प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकारी बाई म्हणाल्या, "इतकं तर तुम्ही पेपरसाठी पण नाही केलंत." नव्हतंच केलं.

डाव्या खांद्यावर पदराच्या निऱ्या असतात, म्हणून बिल्ला उजव्या खांद्यावर, ब्लाउजला लावला. आईनं हनुवटी दाबून त्याच्याकडे बघितलं.

"हे काय गं?"

"बिल्ला."

"मी काय पलटणीत भरती झाले?"

"हो. आजपासून सुभेदार."

"पगार?"

"चहा नि खारी."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि परत मटार सोलायला लागली.

तो महिना मला फार आवडतो. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याजवळ मधल्या खोलीत बसायची आणि तिच्या खांद्यावर किती उजेड पडतो ते मोजायची. पलंगावर आडवी असताना, मटार सोलताना, देवापुढे बसली असताना. देवघरात नुसत्या समईच्या उजेडावर सेल कसाबसा तग धरायचा, ट्यूबखाली मजेत असायचा. आई म्हणायची, "ताप आलाय का मला, सारखी काय बघतेस?" मी म्हणायची, "तुझा उजेड मोजतेय." "बरा आहे का?" "छान आहे." "मग चहा टाक," ती म्हणायची. सिलिकॉनचा एक सेल शेजारी ठेवून बघितला, तो ट्यूबखाली नुसता सुस्तावून पडलेला. माझा टुणटुणीत. मला इतका आनंद झाला की मी आईच्या गालाचा मुका घेतला. ती म्हणाली, "चल, गाढव कुठली."

आणि घंटा खरंच वाजायची. मी घरात असताना ती दाराशी गेली की भाभी समोरून हसत ओरडायच्या, "अम्मा जी, कहाँ चलीं?" आई थांबायची, गप्पा मारायची, परत यायची. अडवलं असं तिला वाटायचंही नाही. मी भावाला फोन करून ऐकवलं, बघ, कुलूप नाही लागलं. तो म्हणाला, "ताई, मानलं तुला."

मे महिन्यातल्या एका दुपारी मी घरी आले तर दार सताड उघडं. पलंग रिकामा, ट्यूब चालू. भाभी धावत आल्या. "घंटी तो बजी ही नहीं, कसम से." मी कशी उतरले, कुठून पळाले, मला आठवत नाही. किला गेटला दुकानाच्या पायरीवर ती बसलेली दिसली. कुणीतरी तिच्या हातात सरबताचा ग्लास दिला होता. पायांत चपला नव्हत्या. ग्वाल्हेरचा मे महिना, डांबरी रस्ता, आणि माझी आई अनवाणी चालत गेली होती. दोन्ही तळव्यांना फोडच फोड. मला बघून तिचा चेहरा उजळला. "बरं झालं आलीस. अगं, आमचं दार सापडत नाही."

रिक्षात मी तिचे पाय मांडीवर घेऊन बसले. मला रडू येत होतं आणि ती मला थोपटत होती.

संध्याकाळी बिल्ला काढून टेबलावरच्या दिव्याखाली धरून तपासला. ठणठणीत. मला आधी ओलीचा संशय आला, पण मे महिन्यात इथं हवेत ओल कुठली? थर पिवळा पडलेला नाही, कडा सुटलेल्या नाहीत. वीज गेली होती का? भाभी म्हणाल्या, दुपारभर होती. मग मी मधल्या खोलीतच दुसरी पेटी ठेवली, बिल्ला जिवंत आहे की नाही ते माझ्या फोनवर एका चालत्या रेघेनं दाखवणारी. दुसऱ्या दिवशी कामावर बसले आणि बघते तर काय, मी निघाल्यावर थोड्याच वेळात बिल्ला गप्प. पळत घरी आले. आई पलंगावर, बिल्ला खांद्यावर, ट्यूब चालू, आणि मी शेजारी बसल्यावर जरा वेळानं बिल्ला पुन्हा बोलायला लागला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. मी असले की जिवंत, मी गेले की मेलेला. मी सेल बदलला, चिप बदलली, ट्यूबसुद्धा नवी लावली. सहकारी बाई म्हणाल्या, "सॅम्पल ठीक, मोजणी ठीक. मग तुमच्यामागे घरात काय बदलतं ते बघा." मी म्हणाले, काय बदलणार? एक म्हातारी बाई आणि एक ट्यूबलाइट.

एका दुपारी लवकर आले. चपला खालीच काढल्या आणि दार हळूच ढकललं.

आई मधल्या खोलीत उभी होती. डोक्यावरून पदर घेतलेला, पार कपाळाखाली ओढलेला, दोन्ही खांद्यांवरून पुढे आणून हनुवटीशी मुठीत धरलेला. मान खाली. समोर रिकामी वेताची खुर्ची, माझ्या आजोबांची. तिनं ती पुढच्या खोलीतून स्वतः ओढत आणली असणार.

"हो मामंजी," ती म्हणत होती. "वाढते मामंजी. सासूबाई आल्या की लगेच वाढते."

मामंजी म्हणजे तिचे सासरे, माझे आजोबा. ते जाऊन एक जमाना झाला. आमच्याकडे सासरच्या मोठ्यांसमोर सुनेनं असंच उभं राहायचं असतं. डोकं झाकलेलं, दोन्ही खांदे झाकलेले, पायांत वहाण नाही. आजोबा दिवाणखान्यात असले की आई स्वयंपाकघरातसुद्धा तशीच असायची. मी लहानपणी रोज बघितलंय ते. आणि लेकीसमोर? लेकीसमोर कसला आलाय पदर! मी घरात असले की ती आई असायची. मी गेले की घर तिच्या सासरच्या माणसांनी भरून जायचं आणि ती सून व्हायची. सून झाली की उजव्या खांद्यावर पदर यायचा आणि माझा सेल अंधारात जायचा. समईच्या उजेडावर तग धरणारा माझा सेल, त्याला काठापदराच्या सुती लुगड्याची दुहेरी घडी पुरून उरली.

इतके दिवस मी तिच्याजवळ बसून तिचा उजेड मोजला होता. माझ्याजवळ बसलेल्या आईचा. एकट्या आईचा उजेड मी कधी मोजलाच नव्हता, आणि मोजणार तरी कसा? मी आत पाऊल टाकलं की ती बदलायची.

तिनं मला पाहिलं आणि पदर खाली पडला. "आलीस का गं? केव्हाची वाट बघतेय." मी तिला मिठी मारली तेव्हा बिल्ला माझ्या गालाला टोचत होता.

मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे कुणी म्हणायला नको. बिल्ला पदराच्या काठावर लावला, डोक्यावर घेतला तरी उजेडातच राहील असा. आईनं नेमकी तीच घडी आत दुमडून घेतली. सासऱ्यांसमोर डोक्यावर चमकणारी वस्तू घालून कुठली सून उभी राहील? आजोबांची खुर्ची माळ्यावर टाकली. ती भिंतीसमोर उभी राहून बोलायला लागली. सोबतीला एक बाई ठेवून पाहिली. आईला ती सासरची पाहुणी वाटायची. मग तर दिवसभर पदर, आणि तिच्यासाठी चहा करायला गॅसजवळ धावपळ. बाई घाबरून गेली ती परत आली नाही. एकदा माझा तोल सुटला. मी ओरडले, "आई, मामंजी नाहीत! सासूबाई नाहीत! कुणी नाही या घरात, सगळे मेले!" तिचा चेहरा पांढराफटक पडला. "केव्हा?" तिनं विचारलं. मग जमिनीवर बसली आणि रडली, अशी रडली की खालचे लोक वर आले. तिला सुतक पाळायचं होतं. मला कुणी कळवलं का नाही, म्हणत होती. त्यानंतर मी ते परत कधी बोलले नाही.

फोनवरची ती रेघ मात्र मी बघत राहिले. कामावर, हातमोज्यांत हात असताना फोन शेजारी ठेवलेला. मी निघाल्यावर थोडा वेळ रेघ चालायची आणि मग तुटायची. तुटली की मला कळायचं, आई सासरी गेली. आता ती मान खाली घालून उभी असेल. आता कुणीतरी तिला काहीतरी बोलत असेल आणि ती हो म्हणत असेल. रेघ तुटली की धोक्याची घंटा वाजवावी म्हटलं, तर ती रोजच तुटायची आणि दिवसभर तुटलेली राहायची. भाभींनी किती वेळा धावायचं?

मला वाटायचं, कुठला तरी एक तास असा सापडेल की मी नसतानाही ती मोकळी असेल, खांदा उघडा टाकून नुसती पलंगावर बसलेली असेल. एवढं आयुष्य झालं, आजी गेल्यावर इतकी वर्षं ती बाजारात हिंडली, मुरारला गेली, खो खो हसली. त्या वर्षांतला एखादा दिवस तरी तिच्या डोक्यात परत यावा. सासरच का यावं सारखं? मी देवाला विचारलं, भांडले त्याच्याशी. रेघ तुटायची ती तुटायचीच.

जूनमध्ये ती परत निघून गेली. या वेळी किला गेटला नाही. मुरारच्या रस्त्यावर भर वाहतुकीत, पदरात तोंड झाकून, समोरचं न बघता चालत होती. एका स्कूटरचा धक्का लागला. मनगट मोडलं. स्कूटरवाला पोरगा हात जोडून रडत होता, "आंटी, अम्मा ने देखा ही नहीं." बघणार कसं? सुनेनं वर बघायचं नसतं.

भाऊ पुण्याहून आला. आईच्या प्लॅस्टरवरून हात फिरवत बसला. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "ताई, तू सांग. मी काही सांगत नाही आता." त्यानं मला शब्दात पकडलं असतं तर मी भांडले असते. त्यानं ते केलं नाही आणि मी हरले.

कुलूप मीच आणलं. दुकानदारानं विचारलं, केवढं पाहिजे. मी म्हणाले, काहीही द्या.

पहिल्या दिवशी ते लावलं आणि ओढून बघितलं. भाभी समोरच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंड दुसरीकडे केलं. त्यांच्याकडे दुसरी किल्ली दिली, मधून मधून आत डोकावत राहा म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं ती दार वाजवेल, हाका मारेल. मी जिन्यात उभी राहिले. एक हाक आली असती तर मी कुलूप काढलं असतं, नोकरी गेली खड्ड्यात. हाक आली नाही. मी कामावर गेले आणि दिवसभर एकही थर नीट बसला नाही.

परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. कुलूप काढलं, दार उघडलं. आई दाराच्या अगदी आत उभी होती. किती वेळची, देव जाणे. मोडका हात प्लॅस्टरमध्ये, चांगल्या हातानं पदर धरलेला. माझी तयारी होती. ती चिडेल, मारेल, बोलेल, मला सगळं चाललं असतं. आणि नेहमीसारखं मला पाहून तिचा पदर पडेल, ती म्हणेल, आलीस का गं, याचीही मी वाट बघत होते.

तिनं माझ्या हातातल्या किल्लीकडे बघितलं. मग पदर कपाळावरून आणखी खाली ओढला, दोन्ही खांदे झाकून घेतले आणि एक पाऊल मागे सरली.

"मी कुठं गेले नाही सासूबाई," ती म्हणाली. "दिवसभर आतच होते."

"आई," मी म्हणाले.

तिनं मान वर केली नाही. आई म्हणून मी कुणाला हाक मारली ते शोधत ती कुतूहलानं, चोरून, माझ्या मागे जिन्याकडे बघायला लागली.